लॅम्ब्रेटा-विजयच्या चेनचा खडखडाट: झाकण उघडण्याआधी आणि उघडल्यावर काय पाहावं

जुनी स्कूटर म्हटली की खान्देशात बहुतेकांना बजाज चेतक किंवा प्रिया आठवते. त्या गाड्यांत हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे क्लच थेट क्रँकवरच बसलेला असतो आणि जोर पुढे गिअरने जातो. चेनचं दुखणं लॅम्ब्रेटा घराण्याचं. मुंबईच्या एपीआय कंपनीची लॅम्ब्रेटा एलआय १५० आणि नंतरची लॅम्बी १५०, आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या लखनौच्या स्कूटर्स इंडियाची विजय सुपर व विजय डिलक्स, या सगळ्यांच्या इंजिनात किकच्या बाजूच्या झाकणाआड एक दुहेरी चेन फिरत असते. पुढचं लहान चक्र क्रँकवर, मागचं मोठं चक्र क्लचच्या बेलवर, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या बाहेरच्या डब्यावर. १५० सीसी गाडीत पुढे १५ दात, मागे ४६ दात आणि चेनला ८० कड्या ही नेहमी दिसणारी जोडणी. तरी आपल्या गाडीचे दात स्वतः मोजून घ्यावेत. पन्नास वर्षांत या इंजिनांत कुणी काय बसवलं असेल याचा भरवसा नाही.

मोटरसायकलची चेन सैल झाली की मागचं चाक ओढून ताणता येते. इथे दोन्ही चक्रांमधलं अंतर कायमचं ठरलेलं आहे. चेन वाढली की उरलेली लांबी सांभाळायला फक्त दोन टेन्शनर पट्ट्या असतात, एक वर आणि एक खाली. म्हणून खडखड ऐकू आली की बरेच मेकॅनिक झाकण काढतात, पट्टी चेनवर दाबून बोल्ट आवळतात आणि गाडी परत देतात. आवाज जातो. थोड्याच दिवसांत तो परत येतो आणि तोवर पट्टी निम्मी खाल्लेली असते. पट्टी झिजते ती बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या दोषाने. तिच्यावरच्या खुणा वाचल्याशिवाय ती हलवू नये, एवढं पथ्य पाळलं तर निम्मं निदान आपोआप होतं.

आवाज चेनचाच आहे का

गिऱ्हाईक येऊन सांगतं, “गाडी खडखड करी राहिनी.” या एका वाक्यात पिस्टन, गजन पिनचं (पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनचं) बेरिंग, मेन बेरिंग, क्लचच्या प्लेटा, पंख्याचं सैल कव्हर आणि चेन एवढे सगळे संशयित येतात. झाकण उघडायला अर्धा दिवस जातो, त्यामुळे आधी कानाने चाळणी लावावी.

गाडी तापवून न्यूट्रलमध्ये ठेवा आणि आयडलिंग जरा खाली आणा. सैल चेनचा आवाज एकसारखा नसतो. इंजिन मंद फिरताना प्रत्येक धक्क्याला चेन सैल होते, ताणते आणि आतल्या भिंतीवर आपटते, म्हणून थोडा विस्कळीत, धातूवर धातू घासल्यासारखा खळखळाट येतो. थ्रॉटल जरासा उघडून धरला की तो दबतो. थ्रॉटल सोडल्यावर फेरे उतरत असताना पुन्हा मोठा होतो. चालत्या गाडीत, विशेषतः उतारावर थ्रॉटल बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवली की तो सगळ्यात स्पष्ट येतो, कारण तेव्हा जोराची दिशा उलटते आणि इतका वेळ ताठ असलेली बाजू सैल पडते.

पिस्टनचा आवाज थंड इंजिनात जास्त आणि तापल्यावर कमी. गजन पिनचं बेरिंग भार घेतल्यावर, चढावर थ्रॉटल उघडला की किणकिणतं. मेन बेरिंग घरघरतं आणि फेऱ्यांबरोबर वाढत जातं. चेन याच्या उलट वागते, भार दिला की गप्प.

मग क्लचची कसोटी. न्यूट्रलमध्ये क्लचचा दांडा दाबा. या इंजिनात चेन आणि बेल क्रँकबरोबर कायम फिरतात, क्लच दाबला तरी थांबत नाहीत. त्यामुळे दांडा दाबल्यावर आवाज पूर्ण गेला तर चेनला मोकळं सोडा आणि क्लचच्या प्लेटा किंवा गिअरबॉक्सकडे वळा. दाबूनही तसाच राहिला तर संशय पक्का होत चालला. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक झाकणावर पुढे, मध्ये आणि मागे टेकवा. मध्यभागी आवाज सर्वांत मोठा असेल तर चेन भिंतीला लागते आहे. अगदी पुढे क्रँकच्या टोकाशी ठकठक असेल तर पुढच्या चक्रामागची धक्का सोसणारी स्प्रिंग तपासावी लागेल. तिची गोष्ट पुढे येते.

आणखी एक तपासणी न उघडता होते. प्लग काढा, पंख्यावरचं कव्हर उतरवा, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक कुणाला तरी दाबून धरायला सांगा आणि फ्लायव्हील हाताने पुढे-मागे हलवा. कडेवर खडूची खूण करून मोकळी चाल पाहा. ही चाल एकट्या चेनची नसते, क्लचच्या प्लेटांचे कान आणि गिअरचे दातही तिच्यात मिसळलेले असतात. म्हणून आकड्यावरून निकाल देऊ नये. पण फ्लायव्हीलच्या वेगवेगळ्या जागी थांबून हीच चाचणी केली आणि चाल एका जागी जास्त, दुसऱ्या जागी कमी लागली, तर चेन असमान वाढली आहे किंवा एखादं चक्र लंगडत फिरतं आहे.

ऑइल काढा आणि निरखून पाहा

ऑइल काढताना इंजिन गरम हवं आणि खाली स्वच्छ पांढरी तबकडी हवी. काळ्या घमेल्यात ऑइल काढलं तर पाहण्यासारखं काही उरत नाही. चेनच्या झाकणात आणि गिअरबॉक्समध्ये एकच ऑइल असतं, साधारण पाऊण लिटर. निघालेलं ऑइल मोजाच. अर्ध्या लिटरच्या आत निघालं तर चेन का झिजली हे कळलं, फक्त ऑइल गेलं कुठे ते शोधायचं राहिलं. बाहेर कुठेही गळती नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा-निळा धूर जास्त येतो, असं असेल तर चेनच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलं आहे आणि इंजिन गिअरचं ऑइल पितं आहे. हे सील न बदलता नवी चेन टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

तळाच्या गाळात बोट फिरवा आणि लोहचुंबक लावा. चुंबकाला केसासारखी बारीक काळपट भुकटी चिकटणं जुन्या इंजिनात चालायचंच. चमकदार चपटे कण, बोटाला टोचणारे, म्हणजे रोलर किंवा दात तुटू लागले. पिवळसर कण चुंबकाला लागत नाहीत, ते पितळी बुश किंवा वॉशरचे. मळकट पांढरे, मऊ, चुंबकाला न लागणारे कण ॲल्युमिनियमचे. म्हणजे चेन झाकणाची भिंत घासते आहे. काळे रबरी तुकडे किंवा प्लॅस्टिकचा चुरा दिसला तर टेन्शनर पट्टीची वरची थर सुटते आहे आणि गाडी चालवणं त्याच दिवशी थांबवावं. सुटलेला मोठा तुकडा चेन आणि पुढच्या चक्राच्या मध्ये गेला की चेन दातांवर चढते, आणि तेव्हा किमान झाकण तरी फुटतं.

दुधट, चहासारखं ऑइल म्हणजे पाणी. पावसाळाभर खळ्यात किंवा गोठ्याच्या आडोशाला उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे नेहमी दिसतं. अशा गाडीची चेन वरच्या अर्ध्या भागात, जिथे ऑइल पोचत नाही तिथे गंजते आणि काही कड्या वाकतच नाहीत. चार महिने उभी गाडी थेट किक मारून चालू करू नये. प्लग काढून किकने वीस-पंचवीस वेळा सावकाश फिरवावी, म्हणजे चेन ऑइलमधून फिरून ओली होते.

धुळीबद्दल इथेच सांगतो. “आपल्याकडची काळ्या मातीची धूळ चेन खाते” हे वाक्य धुळ्यापासून भुसावळपर्यंत ऐकायला मिळतं. उघड्या चेनच्या मोटरसायकलला ते लागू आहे. ही चेन बंद पेटीत फिरते, धूळ तिथे जायची तर झाकण उघडं ठेवल्यावर किंवा न पुसता बुच उघडल्यावरच जाते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना मात्र उन्हाचा परिणाम खरा असतो: आधीच कमी आणि जुनं असलेलं ऑइल आणखी पातळ होतं आणि पिनांच्या आत टिकत नाही.

झाकण काढताना

किकच्या बाजूचं पॅनल काढा, क्लचची केबल दांड्यातून सोडवा. सायलेन्सर आडवा येत असेल तर तोही उतरवा. झाकणाच्या कडेने असलेले नट बहुतेक ११ च्या पान्याला येतात. एकेक नट पूर्ण काढण्याऐवजी सगळे समोरासमोर थोडे थोडे सैल करा. झाकण चिकटलेलं असेल तर रबरी किंवा लाकडी हातोडीने कडेवर ठोका. स्क्रूड्रायव्हर फटीत घालून उचकलं तर पॅकिंगची बैठक ओरखडते आणि तिथून ऑइल कायम झिरपत राहतं, कितीही शेलॅक लावलं तरी.

झाकण सरळ बाहेर ओढा आणि खाली कापड अंथरून ठेवा. क्लच दाबणारा छोटा भाग आणि वॉशर याच वेळी गळून पडतात. पडण्याआधीच्या जागेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता काहीही सोडू नका. पाना बाजूला ठेवून आधी झाकणाची आतली बाजू पाहा. चेन आपटली असेल तर तिथे चकचकीत समांतर रेघा असतात. वरच्या भिंतीवर आहेत, खालच्या भिंतीवर, की चेनच्या बाजूला सपाट भागावर? वर-खाली रेघा म्हणजे चेन सैल. बाजूच्या सपाट भागावर रेघा म्हणजे चेन आडवी सरकते आहे, आणि तो रोग पूर्ण वेगळा आहे.

पट्ट्या वाचणं

दोन्ही पट्ट्यांपैकी जिच्या बोल्टांची भोकं लांबट आहेत ती सरकवता येते. बोल्ट सोडण्याआधी तिची आत्ताची जागा पट्टीच्या कडेने सुईने ओरखडून ठेवा. भोकाच्या अगदी टोकापर्यंत सरकवलेली असेल तर आधीच्या कुणीतरी सगळी सवलत खर्च केली आहे. अशा वेळी पट्टी कितीही चांगली दिसो, चेन बाद झालेली असण्याची शक्यता जास्त.

पट्टी काढून पेट्रोलने धुवा आणि उन्हात तिरपी धरून पाहा. दुहेरी चेनच्या पात्यांचे चर तिच्यावर उमटतात. दोन्ही कडांना चर सारखे खोल असतील तर चेन सरळ धावत होती आणि झीज वयाची आहे. एका कडेचा चर खोल आणि दुसऱ्या कडेला नुसता डाग असेल तर पुढचं आणि मागचं चक्र एका रेषेत नाहीत, किंवा पट्टीच वाकडी बसली होती. यातलं कोणतं, ते दुसऱ्या पट्टीवरून कळतं. दोन्ही पट्ट्यांवर एकाच बाजूचा चर खोल असेल तर दोष चक्रांच्या रेषेचा. एकाच पट्टीवर असेल तर त्या पट्टीचा.

चर पट्टीच्या फक्त मध्यभागी असेल तर चेन ताठ होती आणि पट्टी उगाच दाबून बसवली होती. पुढच्या आणि मागच्या टोकांवर ठोके पडल्यासारखे खळगे असतील तर चेन लांब झोळ घेऊन उड्या मारत होती. पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत, कडक आणि करपट तपकिरी झालेला असेल तर ऑइल पोचत नव्हतं.

चराची खोली व्हर्निअरच्या मागच्या दांडीने मोजा. एक मिलिमीटरपर्यंत असेल आणि थर शाबूत असेल तर पट्टी पुन्हा चालेल. दीड मिलिमीटरपुढे ती बदलावी, कारण जुन्या चरात नव्या चेनची पाती नीट बसत नाहीत आणि नवी चेन पहिल्या दिवसापासून तिरकी घासते. जुन्या पट्ट्यांत लोखंडी पत्र्यावर रबर चिकटवलेलं असतं. नखाने कडेला उचलून पाहा, पत्र्यापासून जरा जरी सुटलं असेल तर खोली मोजायची गरज नाही, ती पट्टी फेकून द्या. बाँडने चिकटवण्याचा मोह होतो, पण गरम ऑइलमध्ये तो बाँड टिकत नाही.

बाजारात मिळणाऱ्या नव्या पट्ट्याही तपासून घ्याव्यात. काचेवर ठेवून डुगडुगते का पाहा, भोकं गाडीच्या भोकांशी जुळतात का पाहा आणि बोल्टाचं डोकं चेनच्या वाटेत येत नाही ना, हे हाताने चक्र फिरवून पाहा.

चेन मोजणं

चेनची झीज पिन आणि बुशमध्ये होते, म्हणून ती डोळ्याला दिसत नाही, फक्त लांबी वाढते. या चेनचा पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर, ३/८ इंच, म्हणजे ९.५२५ मिलिमीटर. ८० कड्यांची नवी चेन बरोबर ७६२ मिलिमीटर भरते.

मोटरसायकलच्या चेनसाठी दोन-तीन टक्के वाढीपर्यंत चालवा, असा सर्वसाधारण हिशेब असतो. तो इथे लावू नका. एक टक्का वाढ म्हणजे पूर्ण चेनमध्ये ७.६ मिलिमीटर. आकडा लहान दिसतो, पण चक्रं हलत नसल्यामुळे ही सगळी लांबी एका सैल बाजूला जमा होते आणि तिथे दोन-अडीच सेंटिमीटरचा झोळ पडतो. एवढा झोळ पट्टीने रेटून भरायचा म्हणजे चेनला जबरदस्तीने वळवणं आहे. म्हणून या इंजिनात एक टक्का हीच शेवटची हद्द धरावी.

मोजायची पद्धत अशी. चेन सुटी काढली की केरोसीनमध्ये धुवा, भिंतीतल्या खिळ्याला अडकवा आणि खालच्या वळणात चार-पाच किलोचं वजन टांगा. वजन नसेल तर ऑइलचा भरलेला कॅन चालतो. आता सरळ लोंबणाऱ्या एका बाजूवर फुटभर स्टीलची पट्टी लावून ३० पिच मोजा. एका पिनच्या वरच्या कडेपासून ३१ व्या पिनच्या वरच्या कडेपर्यंत. इथे मोजणीत एका पिनची चूक झाली तर साडेनऊ मिलिमीटरचा फरक पडतो आणि चांगली चेन भंगारात जाते, म्हणून सुरुवातीच्या पिनला खडूचा ठिपका द्या.

नव्या चेनला २८५.८ मिलिमीटर भरतात. २८७ च्या आसपास असेल तर चेन अजून वापरता येईल. २८८.५ ओलांडलं की एक टक्का पूर्ण झाला, बदला. चेन फिरवून आणखी दोन ठिकाणी मोजा. तीन मापांत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर सरासरी काढत बसू नका, असमान वाढलेली चेन कधीच नीट ताणता येत नाही.

असमान झिजेचं एक कारण दातांच्या गणितातच आहे. पुढे १५ दात असतील तर एक ठराविक दात त्याच कडीला पुन्हा भेटायला पुढचं चक्र १६ वेळा फिरावं लागतं, मधल्या काळात झीज सगळ्या कड्यांत वाटली जाते. पुढे १६ दातांचं चक्र टाकलं तर ८० कड्यांना १६ ने पूर्ण भाग जातो आणि दर पाच फेऱ्यांनी तोच दात त्याच कडीवर येतो. एखादा दात खराब असला तर ठराविक पाच कड्याच मार खातात. वेगासाठी सोळाचं चक्र बसवणाऱ्यांनी दात अधिक बारकाईने पाहावेत.

लांबीशिवाय तीन गोष्टी तपासा. चेन आडवी धरून बाजूला वाकवा, नव्या चेनच्या तुलनेत फार वाकून कमान झाली तर पाती सैल झाली आहेत. प्रत्येक कडी बोटांनी दुमडून पाहा, अडकणारी एक जरी कडी सापडली तरी चेन बाद. आणि रोलर एकेक फिरवून पाहा, चिरलेला रोलर फिरताना नखाला लागतो.

चक्रं, स्प्रिंग आणि बुश

पुढच्या चक्राचा प्रत्येक दात मागच्याच्या तिप्पट वेळा चेनला भेटतो, त्यामुळे ते आधी झिजतं. दात एका बाजूला झुकलेले, आकड्यासारखे दिसू लागले की चक्र गेलं. जुन्या पुढच्या चक्रावर नवी चेन घालणं ही सगळ्यात महागडी काटकसर, कारण नवी चेन त्या दातांच्या मापाने लवकर वाढते. मागचं ४६ दातांचं चक्र मात्र दोन चेनांना सहज पुरतं.

पुढचं चक्र क्रँकवर घट्ट बसवलेलं नसतं. त्याच्यापाशी उतरते कान आणि एक जाड स्प्रिंग असते, म्हणजे इंजिनाचा प्रत्येक धक्का थेट चेनवर न जाता स्प्रिंगवर जिरतो. स्प्रिंग दमली की कान मोकळे आपटतात आणि आयडलिंगला हुबेहूब चेनसारखा आवाज येतो. चेन आणि पट्ट्या बदलूनही आवाज तसाच राहतो तो याच ठिकाणी. कानांवर पायरी पडली आहे का ते बोटाने पाहा आणि स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी करून लांबी पडताळा.

क्लचची बेल दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. जाणवण्याइतकी चाल असेल तर आतला बुश झिजला आहे. मग बेल फिरताना डुलते, चेन एका फेरीत कधी ताठ कधी सैल होते आणि पट्टी कुठेही लावली तरी चुकीचीच ठरते. बुश बदलणं किंवा चांगल्या टर्नरकडून बसवून घेणं हे चेनच्या आधीचं काम आहे.

शेवटी रेष. एक सरळ स्टीलची पट्टी मागच्या चक्राच्या दातांच्या बाजूला टेकवून पुढच्या चक्रापर्यंत न्या आणि तिथली फट फिलर गेजने मोजा. पाव मिलिमीटरच्या आत आणायची. फट जास्त असेल तर पुढच्या चक्रामागे शिम (पातळ चकती) घालून किंवा काढून भरून काढतात. मोजताना बेल आत दाबून धरा, नाहीतर तिची आडवी चाल मापात शिरते. क्रँक किंवा केसिंग बदललेल्या गाड्यांत हे माप हमखास चुकलेलं असतं, आणि ज्या गाडीची पट्टी दर वर्षी एका कडेने खाल्ली जाते तिथे याशिवाय दुसरं काही पाहायचीही गरज पडत नाही.

काढणं आणि बसवणं

मूळ चेन अखंड, रिव्हेट केलेली असते. त्यामुळे पुढचं चक्र आणि मागची बेल एकदमच बाहेर येतात. क्लच दाबायच्या हत्याराने प्लेटा दाबून आतली मोठी सर्कलिप काढा, प्लेटा ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. मग मधल्या नटाच्या लॉक वॉशरचा कान सरळ करा, पुढच्या बोल्टाचाही, आणि नट-बोल्ट सैल करा. इंजिन अडवण्यासाठी चेन आणि केसिंगच्या मध्ये स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. केसिंगला तडा गेला तर वेल्डिंगवाला शोधत फिरावं लागतं. चक्र धरायचं हत्यार वापरा. बेलच्या मागे किकचा गिअर, स्प्रिंग आणि वॉशर असतात. त्यांचाही फोटो काढा.

क्लिपने जोडायची चेन काही ठिकाणी मिळते. रस्त्यावर अडकलेल्या गाडीसाठी ठीक आहे, पण अरुंद पेटीत, ऑइलमध्ये, इतक्या फेऱ्यांना फिरणाऱ्या चेनला अखंडच घ्यावी.

काय काय बदलायचं याचा आमचा हिशेब साधा आहे. चेन बदलली तर पुढचं चक्र आणि दोन्ही पट्ट्या सोबत. नुसती पट्टी बदलायची तर चेन मोजून २८७ च्या आत भरली पाहिजे. लॉक वॉशर प्रत्येक वेळी नवे, कारण एकदा वाकवलेला कान दुसऱ्यांदा तुटतो.

नवी चेन घालताना आधी ऑइलमध्ये बुडवून घ्या. सरकणारी पट्टी लावण्याआधी इंजिन हाताने फिरवून चेनची सगळ्यात ताठ जागा शोधा, पुढच्या चक्राच्या किमान १६ फेऱ्या होऊ द्या. ताठ जागा सापडली की तिथेच थांबा आणि पट्टी अशी लावा की सैल बाजूच्या मधोमध बोटाने दाबल्यावर तीन ते पाच मिलिमीटर चाल राहील. सैल जागेवर ताणून लावली तर ताठ जागेवर चेन वाजणार. तिचा आवाज खळखळाट नसतो, वेगाबरोबर चढत जाणारी बारीक ‘कूं’ असते, आणि ती खडखडाटापेक्षा वाईट. त्यात मेन बेरिंगवर भार येतो आणि पट्टी काही शे किलोमीटरांत जळते. बोल्ट आवळल्यावर चाल पुन्हा पाहा, आवळताना पट्टी थोडी सरकतेच.

बैठक स्वच्छ करून नवं पॅकिंग लावा आणि झाकणाचे नट समोरासमोर, दोन टप्प्यांत आवळा. स्टडचे आटे जुन्या ॲल्युमिनियममध्ये आहेत, लांब पान्याने जोर लावू नये. ऑइल साधं एसएई ९० चं गिअर ऑइल, जीएल-३ किंवा जीएल-४ प्रतीचं. जीएल-५ मधले कडक घटक पितळी बुशांना मानवत नाहीत. गाडी सपाट जागी सरळ उभी करून लेव्हलच्या बुचातून ऑइल येईपर्यंत भरा. जास्त भरलं तर ते ब्रीदरमधून बाहेर येतं.

चाचणी आणि वापर

पहिली चाचणी गावातल्या गावात, मग उताराची. धुळ्याकडच्यांना लळिंग घाट, चाळीसगावकरांना कन्नडचा घाट, शहादा-धडगावकडच्यांना चांदसैली. उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल बंद करून काही सेकंद ऐका. खळखळाट नको. मात्र सबंध घाट थ्रॉटल बंद ठेवून इंजिनच्या ब्रेकवर उतरू नका. टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, थ्रॉटल बंद म्हणजे पिस्टनलाही ऑइल नाही, आणि चेनची सैल बाजू सतत उलटी ओढली जाते. अधूनमधून थ्रॉटल उघडून थोडं पेट्रोल आत जाऊ द्यावं आणि उरलेलं काम ब्रेककडे सोपवावं. दुहेरी सीट आणि वर धान्याचं पोतं असेल तर चढावर क्लच झटक्याने सोडू नये. पुढची स्प्रिंग अशाच झटक्यांनी दमते.

पाचशे किलोमीटरांनी ऑइल पुन्हा पांढऱ्या तबकडीत काढा. नव्या चेनची थोडी राखाडी भुकटी असणारच, तुकडे नसावेत. ते ऑइल परत न वापरता नवं भरा आणि झाकणाचे नट एकदा हलक्या हाताने पाहा, पॅकिंग बसल्यामुळे दोन-तीन तरी सैल झालेले निघतात.